रिवादाविआ कसा फिरावा: एका रस्त्यावरून ब्युनोस आयर्स ओळखायचं तर

ब्युनोस आयर्समध्ये पहिल्याच दिवशी मी एक पत्ता शोधत तासभर घाम गाळला. रस्ता बरोबर होता आणि घर क्रमांकही बरोबर होता, पण त्या क्रमांकावर एक कुलूपबंद दुकान होतं. शेवटी कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याने माझ्या हातातला कागद वाचला, पाटीकडे बोट दाखवलं आणि हसून म्हणाला, ‘रिवादाविआ ओलांडलात तुम्ही.’ मी वळून पाटी नीट वाचली. सरळ चालत आलेल्या त्याच रस्त्याचं नाव चौक ओलांडल्यावर वेगळंच झालं होतं. आकडे शून्याकडे उतरून पुन्हा चढायला लागले होते आणि मला हवा असलेला क्रमांक मागे, पलीकडच्या अंगाला राहिला होता.

रिवादाविआ हा या शहराचा कणा. प्लासा दे माशो या मुख्य चौकापासून निघून तो पश्चिमेला जातो आणि दहाएक वस्त्यांतून शहराच्या वेशीवरच्या लिनिएर्सला पोचतो. हे अंतर चौदा किलोमीटरच्या आसपास भरतं. वेशीपलीकडेही रस्ता त्याच नावाने पुढे चालू राहतो. पर्यटक बहुधा याच्या पहिल्या दोन किलोमीटरांतच घुटमळतात. हा लेख पूर्ण रस्ता करायची इच्छा असलेल्यांसाठी आहे, मग ती एका दिवसात पुरी होवो की दोन.

आधी पत्त्याचं गणित

आपल्याकडे पत्ता म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी’. इथे पत्ता म्हणजे हिशेब. दोन आडव्या रस्त्यांमधल्या टप्प्याला ‘कुआद्रा’ म्हणतात. लोक अंतरही मीटरमध्ये सांगत नाहीत, ‘तीन कुआद्रा पुढे’ असं सांगतात. एका कुआद्राला शंभर क्रमांक असतात आणि लांबी साधारण शंभर ते सव्वाशे मीटर. म्हणजे रिवादाविआ ३८९९ हा पत्ता नदीकडच्या टोकापासून एकोणचाळिसाव्या कुआद्रावर येतो. पश्चिमेकडे तोंड करून चाललात तर डाव्या हाताला सम क्रमांक असतात आणि उजव्या हाताला विषम.

रिवादाविआला छेदणारे उत्तर-दक्षिण रस्ते इथे नाव बदलतात, हा दुसरा नियम. उत्तरेकडचा फ्लोरिदा दक्षिणेला पेरू होतो, काशाओचा एन्त्रे रिओस होतो आणि पुएइरेदोनचा हुहुई. पुढे मेद्रानो आणि कास्त्रो बारोस, आकोइते आणि होसे मारिआ मोरेनो, बोशाका आणि काराबोबो, नास्का आणि सान पेद्रितो अशा जोड्या येतात. ‘९ दे हुलिओ’सारखे मोजके अपवाद सोडले तर हा नियम पाळला जातो. शिवाय या सगळ्या रस्त्यांचे क्रमांक रिवादाविआपासून, म्हणजे शून्यापासून, दोन्ही बाजूंना चढत जातात.

याचा फायदा कळायला एक पत्ता पुरे. पोप फ्रान्सिस लहानपणी फ्लोरेस वस्तीत मेम्ब्रिशार ५३१ इथे राहायचे. क्रमांक पाहताच समजतं की रिवादाविआपासून दक्षिणेला पाच कुआद्रा जायचं आणि सहाव्यात घर शोधायचं. नकाशा उघडावा लागत नाही. मी ज्या पत्त्यावर भटकलो, तिथेही मला फक्त एवढंच विचारायचं होतं: हे नाव रिवादाविआच्या उत्तरेचं की दक्षिणेचं?

निघण्याआधी

‘सुबे’ नावाचं प्रवासकार्ड घ्या. भुयारी रेल्वे, बस आणि लोकल गाडी तिन्हीकडे तेच चालतं. भुयारी रेल्वेला इथे ‘सुब्ते’ म्हणतात आणि बसला ‘कोलेक्तीवो’. बसमध्ये चढल्यावर आधी चालकाला कुठे उतरायचं ते सांगायचं, तो भाडं लावतो, मग कार्ड टेकवायचं. न बोलता कार्ड टेकवलंत तर मागची रांग आणि चालक दोघंही तुमच्याकडे बघत बसतील.

उच्चाराची एक खोड लक्षात ठेवा. पुस्तकी स्पॅनिशमध्ये जिथे ‘य’ ऐकू येतो, तिथे या शहरात बऱ्याचदा ‘श’ येतो. म्हणून ‘मायो’ झालं माशो आणि ‘कायाओ’ झालं काशाओ. काबाशितो या वस्तीला ‘कॅबॅलिटो’ म्हणालात तर समोरचा क्षणभर थांबतोच.

रस्ता ओलांडताना आपली सवय घात करते. अर्जेंटिनात वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून आधी डावीकडे बघायचं. सुब्तेच्या गाड्या मात्र डावीकडून धावतात. १९४५ पर्यंत हा देश आपल्यासारखाच डावीकडून चालत होता. रस्त्याने बाजू बदलली, पण भुयार जुन्या वळणावरच राहिलं.

ऋतू आपल्या उलट असतात. जानेवारीत डांबर तापतं, म्हणून चालायला मार्च ते मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर हे दिवस बरे. नोव्हेंबरात जाकारांदाची जांभळी फुलं मिळतात हा वरचा नफा. वार निवडताना शनिवार घ्या. रविवारी कितीतरी दुकानं बंद असतात आणि ओन्सेसारखा कापडबाजार अगदी ओका वाटतो.

पहिला टप्पा: प्लासा दे माशो ते काँग्रेस

सुरुवात चौकाच्या उत्तर कडेला, कॅथेड्रलसमोर करा. बारा खांबांची ही इमारत बाहेरून चर्चपेक्षा एखाद्या ग्रीक देवळासारखी दिसते. आत होसे दे सान मार्तिन यांची समाधी आहे. अर्जेंटिना, चिली आणि पेरूच्या स्वातंत्र्ययुद्धातला हा सेनापती. पोप फ्रान्सिस होण्याआधी होर्हे बेर्गोलिओ इथे आर्चबिशप होते. त्यांचं नाव या रस्त्यावर पुढे पुन्हा भेटेल.

इथून पुढचा रिवादाविआ पाहून निराश होऊ नका. पहिल्या काही कुआद्रांत हा महामार्ग एखाद्या गल्लीएवढा अरुंद आहे. सगळी रुंदी आणि दिमाख शेजारून समांतर जाणाऱ्या, १८९४ साली खुल्या झालेल्या आवेनिदा दे माशोने घेतला. माझा सल्ला असा की जाताना आवेनिदा दे माशोने जा आणि अधूनमधून उजवीकडे वळून रिवादाविआवर डोकवा. सर्वांत सोपी वाट तोर्तोनी कॅफेतून जाते. १८५८ साली सुरू झालेल्या या कॅफेचं पुढचं दार आवेनिदा दे माशो ८२५ वर आहे आणि मागचं रिवादाविआ ८२६ वर. पुढच्या दाराला परदेशी पाहुण्यांची रांग असते. एकदा आत शिरून दुसऱ्या रस्त्यावर बाहेर पडून बघा, दोन रस्ते किती जवळ आहेत आणि तरी किती वेगळे, ते पायांना कळतं.

या टप्प्यात सुब्तेचा ‘ए’ मार्ग आवेनिदा दे माशोखालून जातो आणि काँग्रेसनंतर, म्हणजे देशाच्या संसदेनंतर, रिवादाविआखाली येतो. १ डिसेंबर १९१३ रोजी प्लासा दे माशो ते प्लासा मिसेरेरे हा भाग सुरू झाला. लॅटिन अमेरिकेतली ही पहिली भुयारी रेल्वे. बेल्जियममध्ये बनलेले लाकडी डबे इथे जानेवारी २०१३ पर्यंत रोजच्या प्रवासात होते, म्हणजे शंभरी भरायला काही महिने कमी. आता गाड्या नव्या आहेत, पण पेरू स्थानकावर जुना थाट राखला आहे. फ्लोरिदा या पादचारी रस्त्यावर जायचं असेल तरी उतरायचं पेरूलाच. जोडनावांचा नियम इथेही उपयोगी पडतो.

दुसरा टप्पा: काँग्रेस ते ओन्से

काँग्रेससमोरच्या मोकळ्या जागेत घाई करू नका. मारिआनो मोरेनो चौकात देशाच्या महामार्गांचा शून्य किलोमीटर दाखवणारा दगडी स्तंभ आहे आणि जवळच रोदँ या शिल्पकाराच्या ‘विचारमग्न’ पुतळ्याची ओतीव प्रत. संसदेची इमारत १९०६ साली खुली झाली. तिचा पत्ता रिवादाविआ १८६४. सम क्रमांक, म्हणून डाव्या हाताला.

समोर काशाओच्या कोपऱ्यावर डोकं वर केलंत की छपरावर पवनचक्की दिसेल. हे एल मोलिनो, १९१६ साली इटालियन वास्तुरचनाकार फ्रान्सिस्को जानोत्ती यांनी उभारलेलं मिठाईगृह. समोरच्या संसदेतल्या कितीतरी वाटाघाटी इथल्या टेबलांवर झाल्या असं शहर सांगतं. १९९७ मध्ये ते बंद पडलं. २०१४ च्या कायद्याने ते सरकारने ताब्यात घेतलं आणि पुढे जीर्णोद्धार हाती घेतला. आतून पाहण्यासाठी मार्गदर्शकासोबतच्या फेऱ्या होऊ लागल्या आहेत, मात्र जागा आधी नोंदवावी लागते.

पुढची दोन मिनिटं या सगळ्या रस्त्यातली माझी सर्वांत आवडती. उजव्या फुटपाथवर २००९ क्रमांकाला, आशाकुचोच्या कोपऱ्यावर थांबा. गच्चीवर आरशाच्या तुकड्यांनी मढवलेला कांद्याच्या आकाराचा घुमट आहे आणि त्याखाली कातालान भाषेतली ओळ: अशक्य अशी स्वप्नं नसतात. बार्सेलोनाच्या गाउदी या वास्तुरचनाकाराला केलेला हा दंडवत आहे. थोडं पुढे २०३१ क्रमांकावर ‘लिलींचं घर’ आहे. लिलीचे देठ तळापासून भिंतीवर चढत जातात आणि वर एक दाढीवाला चेहरा खाली बघतो. दोन्ही इमारती एदुआर्दो रोद्रिगेस ओर्तेगा या एकाच माणसाच्या. खाली साधी दुकानं आहेत, म्हणून लोक मान वर न करता निघून जातात. घुमट नीट पाहायचा तर समोरच्या फुटपाथवर जा.

इथून ओन्सेपर्यंत सुब्तेने जाणार असाल तर एक गंमत सांभाळा. पास्को आणि आल्बेर्ती ही दोन स्थानकं इतकी जवळ होती की १९५३ साली प्रत्येकाचा एकेक फलाट बंद केला. आता आल्बेर्तीला फक्त पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात आणि पास्कोला फक्त प्लासा दे माशोकडे येणाऱ्या. उलट दिशेची गाडी शोधत जिन्यावर खालीवर करू नका. त्याऐवजी खिडकीशी उभे राहा, अंधारात बंद फलाट सरकताना दिसतो.

ओन्से म्हणजे कापड, बटणं, झालरी, घाऊक माल आणि गर्दी. दादर स्टेशनबाहेर ज्याने खरेदी केली आहे, त्याला इथे परकं वाटणार नाही. फोन खिशात आणि पिशवी पोटाशी, इतकी काळजी पुरे. प्लासा मिसेरेरे चौकाच्या मधोमध करड्या दगडाची भलीमोठी समाधी आहे, रोहेलिओ इरुर्तिआ यांनी घडवलेली आणि १९३२ साली उघडलेली. तिच्यात स्वतः बेर्नार्दिनो रिवादाविआ आहेत. १८२६-२७ मध्ये देशाचे पहिले अध्यक्ष झालेले हे गृहस्थ हद्दपारीत १८४५ साली स्पेनमधल्या कादिसला वारले. आपला देह ब्युनोस आयर्सला नेऊ नये अशी त्यांची इच्छा होती. १८५७ साली अवशेष परत आणले, त्याच सुमारास रस्त्याला त्यांचं नाव दिलं, आणि आता शहरातल्या सर्वांत गजबजलेल्या स्टेशनांपैकी एकाच्या दारात, बसच्या धुरात ते पहुडले आहेत. माणसाची शेवटची इच्छा इतकी पूर्णपणे डावललेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

ओन्सेच्या वाट्याला दुःखही मोठं आलं. ३० डिसेंबर २००४ च्या रात्री स्टेशनशेजारच्या रिपुब्लिका क्रोमान्योन या नाचघराला आग लागून १९४ जण गेले, बहुतेक तरुण. सुब्तेच्या ‘एच’ मार्गावरच्या स्थानकाच्या नावात ती तारीख जोडली आहे. २२ फेब्रुवारी २०१२ रोजी याच स्टेशनात लोकल गाडी फलाटाच्या टोकावर आदळून ५१ जण दगावले. दोन्हींच्या स्मृतिखुणा परिसरात आहेत. फोटो काढण्याआधी आजूबाजूला पाहा, तिथे कुणाचे आईवडील उभे असू शकतात.

तिसरा टप्पा: आल्माग्रो आणि काबाशितो

आता रस्ता रुंद होतो, झाडं येतात आणि पर्यटक संपतात. जेवणाची वेळ साधून ३८९९ क्रमांकावर, मेद्रानोच्या कोपऱ्यावर पोचा. लास व्योलेतास हे मिठाईगृह १८८४ पासूनचं आहे. वक्र काचेची दारं, रंगीत काचांच्या खिडक्या, संगमरवरी टेबलं. १९९८ मध्ये बंद पडलं तेव्हा वस्तीतले लोक त्याच्यासाठी उभे राहिले आणि २००१ मध्ये ते पुन्हा उघडलं. संध्याकाळच्या चहाला ‘मारिआ काला’ नावाचं मोठं ताट मागवतात. एकट्याने मागवण्याचं धाडस करू नका, चौघांना पुरतं.

शाकाहारी मंडळींनी इथे कान टवकारावेत. ‘मेदिआलुना’ हा चंद्रकोरीसारखा पाव दोन प्रकारचा असतो: ‘दे मान्तेका’ म्हणजे लोण्याचा आणि ‘दे ग्रासा’ म्हणजे गुरांच्या चरबीचा. दिसायला दोन्ही निरागस. नुसतं ‘मांस नाही ना?’ विचारलंत तर दोन्हींना ‘नाही’ हेच उत्तर मिळेल. ‘दे मान्तेका?’ असा नेमका प्रश्न विचारा. एम्पानादा या करंजीत सारण चीज-कांद्याचं किंवा मक्याचं असलं, तरी पारीत चरबी असू शकते, तेव्हा तिथेही तोच प्रश्न. सुरक्षित आणि पोटभर हवं असेल तर साध्या पिझ्झाच्या दुकानात उभ्याने खा. कांदा आणि चीजची ‘फुगासेता’ घ्या आणि सोबत ‘फाइना’ मागा. फाइना म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं जाड धिरडं. ते पिझ्झाच्या तुकड्यावर ठेवून खातात. पहिला घास घेताना आजीच्या हातच्या बेसनाच्या पोळीची आठवण झाली. हिरवी मिरची तेवढी नव्हती.

काबाशितोत पार्के रिवादाविआ लागतं, ४९०० च्या आसपास, उजव्या हाताला. बागेत बोलिवारचं स्मारक आहे, पण खरी ओढ जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांची. शालेय पुस्तकं, कादंबऱ्या, पिवळी पडलेली मासिकं असं सगळं मिळतं. रविवारी टपाल तिकिटं आणि नाणी जमवणारे वयस्क लोक झाडाखाली अल्बम उघडून बसतात. रविवारच्या विरोधात मी वर जे लिहिलं, त्याला हा एक अपवाद.

थोडं पुढे ५४३० वर मेर्कादो देल प्रोग्रेसो, १८८९ पासूनची मंडई. भाजी, मासे, चीज, सुकामेवा. आमच्यासारख्याला इथे डाळी निवडताना उगाच वेळ लागतो. शेजारच्या प्रिमेरा हुन्ता स्थानकाजवळून शनिवार-रविवारी हौशी मंडळी जुनी ट्राम चालवतात, तीही फुकट. सुब्तेच्या डब्यांच्या जुन्या कारखान्यासाठी टाकलेले रूळ वस्तीतल्या रस्त्यांवरून जातात, ट्राम त्यांवरूनच फिरते. मुलं बरोबर असतील तर दिवसाचा हा भाग चुकवू नका.

चौथा टप्पा: फ्लोरेस

फ्लोरेस हे १८८७ पर्यंत वेगळं गाव होतं, राजधानीची हद्द वाढली तेव्हा ते शहरात आलं. गावपण अजून चौकात जाणवतं: मधे बाग आणि समोर ६९५० क्रमांकावर सान होसे दे फ्लोरेस बासिलिका. २१ सप्टेंबर १९५३ रोजी सोळा वर्षांचा होर्हे बेर्गोलिओ मित्रांकडे निघाला होता. वाटेत तो या चर्चमध्ये शिरला आणि कबुलीजबाबाच्या पेटीत गुडघे टेकल्यावर पाद्री व्हायचं ठरवून बाहेर पडला. ती लाकडी पेटी डाव्या-उजव्या भिंतीशी शोधून पाहा. आर्चबिशप झाल्यावरही हे गृहस्थ ‘ए’ मार्गाने सामान्य प्रवाशांसारखे ये-जा करत. म्हणजे एका टोकाला त्यांचं कॅथेड्रल, इकडे त्यांचं चर्च, आणि मधे हा एकच मार्ग.

सुब्ते पुढच्याच सान पेद्रितो स्थानकावर संपते. हे शेवटचे दोन थांबे २०१३ साली जोडले गेले.

पाचवा टप्पा: फ्लोरेस्ता ते लिनिएर्स

इथून वेशीपर्यंत पाच किलोमीटर उरतात. पाय दुखत असतील तर हा भाग बसने करा. फर्निचर, गाड्यांचे सुटे भाग, बँका, पुन्हा फर्निचर, असा तो चेहरा आहे. फ्लोरेस्तात मात्र मनातल्या मनात टोपी काढा. १८५७ साली अर्जेंटिनाची पहिली आगगाडी ‘ला पोर्तेन्या’ नावाच्या इंजिनामागे शहरातून निघाली आणि दहा किलोमीटर धावून इथे थांबली. बोरीबंदर ते ठाणे गाडी त्याआधी चारच वर्षं धावली होती. ‘ला पोर्तेन्या’ सुटली होती ते स्टेशन आता नाही, त्या जागी कोलोन नाट्यगृह आहे.

लिनिएर्सला दोन कामं करा. कुस्को १५० इथे सान कायेतानोचं देऊळ आहे. क्रमांकावरून अंतर आता तुम्हीच सांगाल. हा भाकरीचा आणि रोजगाराचा संत. ७ ऑगस्टला नोकरी मागणारे आणि नोकरी मिळाली म्हणून आभार मानणारे एकाच रांगेत उभे असतात, आणि ती रांग कित्येक कुआद्रा लांब जाते. गव्हाच्या ओंब्या हातात घेतलेले लोक दिसतील. त्या दिवशी गर्दीची तयारी ठेवूनच जा.

दुसरं काम स्टेशनजवळच्या होसे लेओन सुआरेस रस्त्यावरचं. इथे बोलिव्हियन लोकांचा बाजार भरतो. बटाट्यांचे न मोजता येण्याइतके रंग, वाळवलेल्या बटाट्यांचा ‘चुन्यो’, पोत्यांतले मसाले आणि ‘लोकोतो’ नावाची गुबगुबीत, काळ्या बियांची मिरची. अर्जेंटिनाचं जेवण तिखटाला घाबरतं, त्यामुळे आठवडाभर मिरचीवाचून तळमळणाऱ्या मराठी जिभेला हे ठिकाण म्हणजे माहेर. एक लोकोतो, मीठ आणि लसूण एवढ्यावर मुक्कामाच्या घरी ठेचा होतो. बिया चाखताना जपून.

जवळच हेनेराल पास हा वेशीचा महामार्ग आहे. तोवर क्रमांक साडेअकरा हजारांच्या पुढे गेलेला असतो. शहर संपलं तरी आकडे थांबत नाहीत: रामोस मेहिआत १४ हजार, मोरोनमध्ये १८ हजार. इंटरनेटवर जागा शोधताना हे उपयोगी पडतं. ‘रिवादाविआवर, स्वस्त’ असं वाचून हुरळण्याआधी क्रमांक पाहा. चार आकडी असेल तर बहुधा शहरात, पाच आकडी आणि बाराच्या वर सुरू होत असेल तर बाहेर. आणि गावाचं नावही बघा, कारण अर्जेंटिनाच्या जवळजवळ प्रत्येक गावात एक रिवादाविआ असतो.

परतायला सारमिएन्तो लोकल घ्या. लिनिएर्सहून ती रस्त्याला समांतर धावत ओन्सेला पोचवते. दिवसभर डाव्या-उजव्या हाताला मोजलेले क्रमांक खिडकीबाहेर उलटे उतरत जातात. संध्याकाळी सहाच्या सुमारास निघालात तर मात्र समोरून येणाऱ्या गाड्यांची दारं माणसांनी गच्च भरलेली दिसतील. तुमच्या गाडीत बसायला जागा असेल.